क्यू, ए, झेड आणि डावी शिफ्ट

६ जानेवारी, सोमवार

मुलाच्या, दत्ताच्या, कंपनीने फुकट वाटलेली डायरी. त्याने ती मला दिली आणि मी कपाटावर टाकून दिली होती. आज काढली, कारण तीन वर्षांनी घरात मशीन आलं. सर्व्हिसिंगच्या दिवसांत मी प्रत्येक मशीनची वेगळी वही ठेवायचो, तशी याचीही ठेवणार. ही डायरी माझ्या कुरकुरीसाठी. बायको द्वारका ऐकून ऐकून कंटाळली आहे, आणि तिचंही बरोबर आहे.

दुपारी शेफाली नावाची मुलगी आली. दत्ताच्याच ऑफिसात, खराडीला, जागेची सजावट बघते. कंपनीने आणखी दोन मजले घेतलेत आणि दारातच एक ‘जुनं ऑफिस’ मांडायचं म्हणतात. कुठल्या तरी बंद पडलेल्या संस्थेच्या गोदामातून त्यांनी अकरा इलेक्ट्रॉनिक टाईपरायटर उचलले. सगळे एकाच मॉडेलचे, पस्तीसेक वर्षांपूर्वीचे. पाहुण्याने आपलं नाव टाईप करायचं आणि तो कागद घरी न्यायचा, अशी कल्पना. आमची लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद. तरी पोरीने ड्रायव्हरला हाताशी धरून दोन मशीनं तीन जिने चढवली. एक दुरुस्तीला, एक सुट्या भागांसाठी.

“काका, पंचवीस तारखेपर्यंत हे एक जरी प्रॉपर चाललं ना, तर बाकीची पण सगळी तुमच्याकडेच. नाहीतर सर म्हणालेत, काचेत ठेवून टाका, नुसती डिस्प्लेला.”

मी म्हटलं, “काचेत ठेवायला मेकॅनिक कशाला? सुतार बोलवा.” ती हसली. मी विनोद केला नव्हता.

शनिपाराजवळचं दुकान बंद करून मी धायरीच्या या फ्लॅटमध्ये आलो, त्याला तीन वर्षं झाली. तीन वर्षं पेपर वाचला. पेपर संपला की भाजी आणली. एवढी मशीनं म्हणजे वर्षभराचं काम. संध्याकाळी जेवण चवदार लागलं, हे द्वारकाला सांगितलं नाही.

८ जानेवारी, बुधवार

मशीन उघडलं. आत धूळ, पालीची दोन अंडी आणि कुणा साहेबाने सांडलेला चहा. साखर सुकून खालच्या ओळीतल्या तीन-चार कळांना चिकटून बसली होती. हा आजार ओळखीचा. पुण्यातल्या ऑफिसात मशीनं मरतात ती चहानेच.

या मशीनमध्ये प्रत्येक अक्षराखाली स्वतंत्र स्विच असतो. नखाएवढी काळी डबी, आत स्प्रिंग आणि दोन पत्त्या. कळ दाबली की पत्त्या एकमेकींना टेकतात, मशीनला कळतं, अक्षरांचं चक्र फिरतं आणि ते अक्षर कागदावर आपटतं. पत्त्या टेकल्या नाहीत तर काही नाही. एवढंच शास्त्र आहे, पण असे साठच्या वर स्विच.

कोपऱ्यावरच्या दुकानातून अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे मागून आणले. एका खळग्यात एक कळ, कीबोर्डच्याच क्रमाने. द्वारकाने ट्रे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाहीत. “अंड्याचे म्हणजे अंड्याचे,” म्हणाली.

दिवसभर बसलो. डावं कोपर टेबलाच्या काठावर, डाव्या हातात भिंग, उजव्या हातात चिमटा. चाळीस वर्षांची बैठक आहे ही. टेबलही दुकानातलंच, काठाचा सनमायका कोपराच्या जागी पार पांढरा पडलाय. आठ स्विच धुतले. उठताना हाताला मुंग्या आल्या. वय झालं, दुसरं काय.

१० जानेवारी, शुक्रवार

मशीन जोडलं, सुरू झालं. चक्र फिरल्याचा तो आवाज ऐकून बरं वाटलं. मग कागद घालून टाईप करून बघितलं आणि सगळी हवा गेली.

इतर मेकॅनिक एका बोटाने टकटक करून मशीन तपासायचे. मी दहाही बोटांनी तपासतो, न बघता. ही द्वारकाची शिकवण. तिने बावीस वर्षं आनंदनगरला टायपिंगचा क्लास चालवला. पोरांचा कागद नुसता बघून सांगायची, कुठलं बोट आळशी आहे ते. “तुझी अनामिका झोपलीय गं, उठव तिला,” असं. पुढे परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्या, तिची चौदा मशीनं भंगारवाल्याने नेली. ती एक अक्षर बोलली नाही. मीच आठवडाभर बोलत होतो.

तर आजचा कागद. आमच्या गावाचं, परळीचं, नाव इंग्रजीत टाईप केलं. पहिला पी मोठा पाहिजे तो छोटा आला आणि मधला ए गायब. पुण्याचा पी छोटा. दिल्लीचा डी मात्र ठणठणीत मोठा. ए, क्यू, झेड जवळजवळ येतच नाहीत. एस आणि डब्ल्यू येतात, पण लहर लागली तर. बाकी मशीन लोण्यासारखं चालतंय.

डोक्याला ताप. संध्याकाळी चहाचा कपही हातातून सटकून फुटला, महिनाभरातला दुसरा. कपाच्या कानाला ओला हात लागला असेल. चहा मशीनवर सांडला नाही, हे नशीब.

११ जानेवारी, शनिवार

अक्कल चालेनाशी झालीय. या मशीनमध्ये प्रत्येक स्विचला स्वतंत्र तार नसते. आडव्या आणि उभ्या ओळी असतात, पाढ्यांच्या तक्त्यासारख्या. एक ओळ तुटली की तिच्यावरच्या सगळ्या कळा मरतात. मेलेल्या कळा कुठल्या ते बघायचं आणि ओळ शोधायची, की दोष सापडलाच. मी सकाळी सगळ्या ओळी भिंगाखाली तपासून कागदावर काढल्या. क्यू एका ओळीत आहे, ए दुसऱ्याच, झेड तिसऱ्याच. तिघांचं एकमेकांशी काही नातं नाही.

त्यात शिफ्ट. मोठ्या अक्षरासाठी शिफ्ट दाबायची. अक्षर उजव्या हाताचं असलं तर डावी, डाव्या हाताचं असलं तर उजवी. उजवी चालते, डावी चालत नाही. आणि दोघींची तार एकच आहे! वडिलांनी एकच घर दोन मुलांना द्यावं आणि एकालाच आत जाता यावं, असलं हे.

प्रत्येक स्विचला मीटरच्या क्लिपा लावून उजव्या तर्जनीने दाबून बघितलं. क्यू, पिंऽऽ. ए, पिंऽऽ. झेड, पिंऽऽ. सगळे शहाणे. मशीन जोडून टाईप करायला बसलो की पुन्हा तेच. एकतीस वर्षं कंपनीत आणि नऊ वर्षं दुकानात काढली, असला दोष बघितला नाही.

द्वारकाने आज मला चहा स्टीलच्या ग्लासात दिला. कप संपले का विचारलं, तर “हो” म्हणाली. शेल्फवर सहा दिसत होते.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. मशीनला सुट्टी. तीळगुळाचे लाडू पाक गरम असतानाच वळावे लागतात, गार झाला की दगड. द्वारका हात पाण्यात बुडवून बुडवून, फू फू करत वळत होती. मी शेजारी बसलो आणि अर्धं पातेलं संपवलं. उजवा हात चांगलाच पोळला, डाव्याला काही नाही. म्हटलं, “बघ, मेकॅनिकचा हात. तुम्हा मास्तरणींचं काम नाही.”

तिने माझा डावा हात हातात घेऊन बराच वेळ उलटासुलटा बघितला. करंगळी दाबली. “कळतंय का?” विचारलं. “कळतंय की,” म्हटलं. आता लग्नाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी हात काय धरायचा. पण ती हसली नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

डाव्या तळहाताच्या कडेला मोठा फोड आलाय. लाडवांचा प्रताप. कधी भाजलं ते कळलंच नाही.

आज छडा लावला. सुट्या भागांसाठी आलेलं दुसरं मशीन जोडलं आणि टाईप करून बघितलं. त्यालाही हाच आजार! क्यू, ए, झेड, डावी शिफ्ट. म्हणजे मशीनचा दोष नाही, कारखान्याचाच दोष. त्या बाजूला बसवलेल्या स्विचची खेपच खराब निघाली असणार. इतकी वर्षं झाली, पत्त्यांचा दम गेला. मीटरची क्लिप लावून बोट जोरात दाबलं की टेकतात, टाईप करताना टेकत नाहीत. हे आधी कसं सुचलं नाही?

उपाय सोपा. दुसऱ्या मशीनच्या उजव्या बाजूचे आठ स्विच काढायचे, जे कुणी फारसे वापरत नाही, आणि ते पहिल्याच्या डाव्या बाजूला बसवायचे. लगेच कामाला लागलो. द्वारका दारात येऊन उभी राहिली.

“अहो, काय करायलात हे? चांगल्या मशीनची वाट कशाला लावायलात?”

रागावली की तिची परळी बाहेर येते. मी म्हटलं, “चांगलं असतं तर मी हात लावला असता का?” ती म्हणाली, “थोडं थांबा. दोन दिवस थांबा फक्त.” कशासाठी ते सांगेना. पंचवीस तारीख काय हिच्यासाठी थांबणार आहे? मला वाटतं, हे काम मी घ्यावं हेच तिच्या मनात नाही.

१८ जानेवारी, शनिवार

आठ स्विच काढले, आठ बसवले. दोन दिवस गेले. दुसऱ्या मशीनच्या दोन स्विचखालचा तांब्याचा पापुद्राही निघून आला. असं माझ्या हातून कधी व्हायचं नाही. पान्हा असो, चिमटा असो, डाव्या हातातून हल्ली निसटतोच. दमलोय.

मध्येच कसला वास आला म्हणून बघतो तर सोल्डरिंगची तापलेली कांडी करंगळीला टेकलेली. आधी वास आला, मग दिसलं. कामात असलं की असंच होतं.

संध्याकाळी टाईप केलं. परळीचा पी छोटा. ए गायब.

हात टेकले. नवे स्विच, तोच दोष. मग दोष आहे कुठे? हवेत?

१९ जानेवारी, रविवार

दत्ता आला होता. त्याला मशीन दाखवलं. त्याने दोन तर्जन्यांनी स्वतःचं आख्खं नाव, बायकोचं नाव, कंपनीचं नाव बडवलं. सगळी अक्षरं आली. “बाबा, चालतंय की! परफेक्ट आहे!”

मी म्हटलं, “तू घण घालतोयस. टाईप कर, टाईप.” मी बसलो. माझ्याकडे ए नाही. डॉक्टर समोर आला की दुखणं पळतं, तसं हे मशीन पाहुण्यासमोर शहाण्यासारखं वागतं. दत्ता माझ्या हाताकडे बघत होता. मग मायलेक स्वयंपाकघरात बराच वेळ कुजबुजले. मी गेलो तर लगेच भोपळ्याच्या भावावर आले. मला काही कळत नाही असं यांना वाटतं.

२१ जानेवारी, मंगळवार

भांडण झालं. लिहू नये, पण लिहितो.

माझे तपासणीचे कागद एका बाजूने कोरे असतात. द्वारका ते टाकू देत नाही, पाठीवर किराणाची यादी लिहिते. आज साखर आणायला म्हणून यादी खिशात घातली आणि दुकानात उलटून बघितली. माझ्या टायपिंगवर लाल पेनाचे गोल! जिथे जिथे अक्षर गळलं तिथे तिथे गोल, आणि समासात बारीक अक्षरात आकडे. क्लासातल्या पोरांचे पेपर तपासायची अगदी तस्से. घरी येऊन ड्रॉवर उघडला. दहा तारखेपासूनचे सगळे कागद तारखेप्रमाणे लावून, गोल करून ठेवलेले.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, “मी मशीन तपासतोय, तू मला तपासतेस? मी तुझा विद्यार्थी आहे का?” ती म्हणाली, “नाही, पण कागद बघितल्यावर मला दिसतं.” म्हटलं, “काय दिसतं?” ती कागद गोळा करायला लागली.

मग मी बोलू नये ते बोललो. म्हटलं, तुझा क्लास बंद पडला, म्हणून माझंही काम बंद पडावं असं वाटतं तुला. तिने कागद ड्रॉवरमध्ये परत ठेवले. डोळे भरले तरी पुसले नाहीत. मला त्याच क्षणी लाज वाटली, पण बोललेलं परत कसं घेणार?

जेवताना म्हणाली, “उद्या माझ्या गुडघ्यासाठी डॉक्टरांची वेळ घेतलीय दत्ताने. तुम्ही सोबत या. तीन जिने मी एकटी उतरणार नाही.” हो म्हटलं. नाही म्हणायची माझी लायकी नव्हती.

२२ जानेवारी, बुधवार

गुडघा नव्हताच.

डॉक्टरांच्या दारावर पाटी नसांच्या आजाराची. मी म्हटलं, चुकलो आपण. द्वारका म्हणाली, “चुकलो नाही. बसा.” आत गेल्यावर ती रुग्णाच्या खुर्चीत बसलीच नाही. मला बसवलं आणि पिशवीतून माझे सगळे कागद काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले. लाल गोलांसकट.

“हे दहा बोटांनी न बघता टाईप करतात,” ती म्हणाली. “मीच शिकवलंय. क्यू, ए, झेड आणि डावी शिफ्ट, ही डाव्या करंगळीची. एस, डब्ल्यू, एक्स ही तिच्या शेजारच्या बोटाची. दुसरी एक चूक नाही कागदावर. बावीस वर्षं मी हेच बघितलंय, डॉक्टर. मशीन बरं आहे.”

मी टेबलाखाली डावी करंगळी हलवून बघितली.

डॉक्टरांनी एक कोरा कागद घेतला. दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनीत तो धरायला सांगितला आणि ओढला. उजव्या हातातून हलला नाही. डाव्यातून अलगद निघून गेला. पुन्हा केलं. पुन्हा गेला. मग करंगळीला टाचणी टोचली. मी म्हटलं, “टोचा ना.” ते म्हणाले, “टोचली.”

कोपराच्या आतून नस जाते, ठेच लागली की झिणझिण्या येतात ती. ती दबून दबून गेलीय. टेबलावर कोपर टेकवून बसता का, विचारलं. चाळीस वर्षं, म्हटलं. कधीपासून हे होतंय, विचारलं तर मी म्हणणार होतो की आता कळलं. द्वारका म्हणाली, “दिवाळीपासून. चकलीचा सोऱ्या यांच्या हातात राहिना.” मला आठवलं. मी तेव्हा सोऱ्याला शिव्या दिल्या होत्या आणि नवा आणायला लावला होता.

ऑपरेशन लवकर करा म्हणाले. पुढचं बिघडणं थांबेल. गेलेलं येईलच असं नाही. येतं कधी कधी, वर्षभरात.

रिक्षात मी विचारलं, “सरळ का नाही सांगितलंस?” ती म्हणाली, “तुम्ही मशीनचं ऐकता. माझं कधी ऐकलंय?”

२३ जानेवारी, गुरुवार

मशीनजवळ गेलो नाही. पेपर वाचला.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज सगळे कागद पुन्हा लावून बसलो, ओळीने. आता दिसतंय. इतकं सरळ आहे की लहान मूल सांगेल. ज्या ओळीत क्यू, ए, झेड शेजारी येतात ती ओळ मशीनमध्ये नव्हती, माझ्या हातात होती. आणि मी ती भिंग घेऊन मशीनमध्ये शोधत होतो.

आठ चांगले स्विच मी काढून फेकले. एका चांगल्या मशीनची उजवी बाजू उघडी करून ठेवली, तांबं उचकटलं. कुठल्या पोरसवदा मेकॅनिकने असं केलं असतं तर मी त्याला दुकानातून हाकललं असतं. रडू आलं. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

बाहेर आलो तर द्वारका अंड्यांचे ट्रे पुसत होती. स्वयंपाकघरात, ओट्यावर. म्हटलं, “अंड्याचे आहेत.” म्हणाली, “माहितीय.”

मंगळवारी बोललो त्याबद्दल माफी मागितली. नीट मागता आली नाही. ती म्हणाली, “पुरे आता. उद्या ती मुलगी येईल, दाढी करून घ्या. आणि उजव्या हाताने.” मी नेहमी उजव्यानेच करतो. तिला काहीतरी बोलायचं होतं, एवढंच.

२५ जानेवारी, शनिवार

शेफाली अकराला आली. मोबाईल काढून म्हणाली, “काका, तुम्ही टाईप करा ना, मी व्हिडिओ घेते. ओपनिंगला लावू.”

मी बसलो. मनात आलं, दोन तर्जन्यांनी दत्तासारखं बडवावं. पोरीला काय कळणार होतं? मशीन चालतंच आहे. काम मिळालं असतं. बोटं कळांवर ठेवलीही. पण तर्जन्या पुढे करवेनात. दहा बोटांनीच तिच्या कंपनीचा पत्ता टाईप केला आणि कागद तिच्या हातात दिला.

ती बघत राहिली. “काका, यात... अक्षरं मिसिंग आहेत.”

“हो. मशीन शंभर टक्के चालतं. माझं बोट चालत नाही. ते कळायला मला पंधरा दिवस लागले, तेवढ्यात तुमचं दुसरं मशीन मी बिघडवलं. त्याला काही झालं नव्हतं.” मग सगळंच सांगितलं, हाताचं, ऑपरेशनचं. तिने मोबाईल केव्हाच खाली ठेवला होता.

द्वारका बाहेर आली. हात पदराला पुसले, मला म्हणाली, “उठा.” बसली, पाठ ताठ केली आणि तोच पत्ता टाईप केला. सात वर्षांत तिने मशीनला हात लावला नव्हता. एक अक्षर चुकलं नाही. बोटं अशी चालली की मी कागदाकडे बघायचंच विसरलो.

“वॉव, काकू,” शेफाली म्हणाली. “पण बाकीच्या नऊचं... ओपनिंग तीन फेब्रुवारीला आहे, काका. तुमचं ऑपरेशन. मला सरांना सांगावं लागेल.”

“सांगा. काचेत ठेवा ती,” मी म्हटलं. तिला अवघडल्यासारखं झालं. पहिलं मशीन ड्रायव्हर घेऊन गेला, ते बाहेर, टेबलावर राहणार, लोक नावं टाईप करणार. बिघडवलेलं मी मागून घेतलं. म्हटलं, नीट करून देईन. कधी ते सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही.

जिन्यावरून वळून म्हणाली, “काका, दुसरं कुणी असतं ना, तर सांगितलं नसतं.” मला वाटलं, दुसऱ्या कुणी मशीन बिघडवलंही नसतं.

१० मार्च, सोमवार

ऑपरेशनला सव्वा महिना झाला. कोपराला टाके होते ती जागा ओढते. ही डायरी आता मांडीवर ठेवून लिहितो. टेबलावर कोपर टेकवलं की द्वारका आतून न बघता ओरडते. हिला कसं दिसतं देव जाणे.

करंगळी आहे तिथेच आहे. डॉक्टर म्हणतात, घाई नको. हलवत राहा, काम देत राहा.

काम द्वारकाने दिलं. ते उचकटलेलं मशीन तिने खिडकीजवळ मांडलंय. उजवीकडे आठ खळगे उघडे, पण डाव्या हाताच्या पहिल्या धड्याला उजवी बाजू लागतच नाही. ए, एस, डी, एफ. ए, एस, डी, एफ. रोज सकाळी चहाच्या आधी तीस ओळी. ती शेजारी वेताचा मोढा घेऊन बसते आणि लसूण सोलते. मी खांदा ढकलून ए दाबायला गेलो की म्हणते, “खांदा नको. बोट.” कंटाळा येतो. पासष्टाव्या वर्षी पहिला धडा. परवा म्हटलं, नाही करत, जा. तर म्हणाली, “फी भरलीय तुम्ही. दोन कप फोडून.”

पहिल्या आठवड्यात तीस ओळींत एकही ए आला नाही. नुसतं एस, डी, एफ. ते कागद तिने तपासायलाही घेतले नाहीत.

आज धडा संपवून अंघोळीला गेलो. येऊन बघतो तर कागद टेबलावर, तपासलेला. लाल पेन शेजारी उघडाच. जिथे अक्षर गळतं तिथे गोल, हा तिचा बावीस वर्षांचा नियम. तेवीस ओळींत ए गळला होता. त्यातल्या एकीलाही गोल नव्हता.

गोल सात होते. जिथे ए उमटला, तिथे.